तात्पुरती मर्यादा

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. विषय एकच, टाकीचा भोंगा. गच्चीवरची टाकी भरली की वाजावा म्हणून दोन वर्षांपूर्वी बसवलेला भोंगा तीन आठवडे वाजलाच नव्हता. पाणी रात्र रात्र वाहत राहिलं आणि वरच्या मजल्यावरच्या दोन घरांच्या छताला ओल आली. शोध घेतल्यावर कळलं की वॉचमनने वायरच काढून ठेवली होती. का? तर तो भोंगा टाकी अर्धी असतानाही वाजायचा, रात्री दोनला वाजायचा, आणि लोक खिडकीतून ओरडायचे, "अरे, बंद कर तो!" त्याने बंद केला.

मीटिंगमध्ये सगळे त्याच्यावर तुटून पडले. मी गप्प बसले. एरवी मी गप्प बसणाऱ्यांतली नाही, हे इथे वाचणाऱ्या नातेवाइकांना वेगळं सांगायला नको. पण त्या माणसाने जे केलं तेच मी एकदा केलंय. फरक इतकाच, की मी वायर काढली नाही, सही केली. आणि तिथे टाकी नव्हती, हेलिकॉप्टर होतं.

हे बरेच दिवस लिहायचं टाळत होते. आज लिहितेच.

माझं काम नक्की काय होतं हे आमच्या घरात कोणालाच नीट कळलेलं नाही. आई सगळ्यांना सांगायची, "ती विमानाचा कंप्युटर बघते." अगदीच चूक नव्हतं म्हणा. मुंबईहून समुद्रातल्या तेलाच्या रिगवर माणसं नेणारी-आणणारी हेलिकॉप्टर, आणि त्यांच्या गिअरबॉक्सची, शाफ्टची, बेअरिंगची थरथर मोजणारी यंत्रणा. तिचं लांबलचक नाव हेल्थ अँड युसेज मॉनिटरिंग सिस्टिम, आम्ही नुसतं 'हम्स' म्हणायचो. गिअरबॉक्सच्या कवचावर, शाफ्टच्या आधारांवर, इंजिनांवर छोटे सेन्सर बसवलेले असतात. उड्डाणात ते थरथर टिपतात. हेलिकॉप्टर परत आलं की ते आकडे जमिनीवरच्या कंप्युटरवर उतरवायचे. कंप्युटर प्रत्येक भागासाठी एक-दोन निर्देशांक काढतो आणि त्यापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका ठेवतो. पिवळा म्हणजे बघा, तपासा. लाल म्हणजे कारण सापडल्याशिवाय उडवू नका.

विमानापेक्षा हेलिकॉप्टरमध्ये याला जास्त महत्त्व का? कारण दोन इंजिनांपैकी एक बंद पडलं तरी दुसरं असतं, पण मुख्य गिअरबॉक्स एकच असतो. त्याला पर्याय नाही. 6 नोव्हेंबर 1986 ला शेटलंड बेटांवरच्या सम्बर्गजवळ एक चिनूक हेलिकॉप्टर समुद्रात कोसळलं. पुढच्या गिअरबॉक्समधला एक मोठा गिअर तुटला होता. आत 47 जण होते, दोघे वाचले. त्या अपघातानंतर उत्तर समुद्रातल्या हेलिकॉप्टरांवर थरथर मोजायच्या यंत्रणेला खरा जोर आला आणि 1990 च्या दशकात ती तिथे रुळली.

आता मुद्द्याचं. पिवळा ठिपका कुठल्या आकड्याला लागायचा? ही रेषा कोण ओढतं?

लोकांना वाटतं की ती यंत्राच्या पोटातच कुठेतरी कोरलेली असते. पाणी 100 अंशांना उकळतं, तशी बेअरिंग अमुक आकड्याला बिघडते. तसं काही नसतं. काही मर्यादा हेलिकॉप्टर बनवणारे ठरवून देतात, त्यांना हात लावता येत नाही. काही मात्र चालवणाऱ्यांवर सोडलेल्या असतात. आणि दोन्हीकडे पद्धत साधारण सारखीच. चांगल्या चाललेल्या बऱ्याच यंत्रांचे आकडे घ्यायचे, सरासरी काढायची, आकडे किती इकडेतिकडे पसरतात ते बघायचं आणि सरासरीच्या वर तीन सिग्मावर रेषा ओढायची.

ऐकायला छान शास्त्रीय वाटतं ना? जरा हिशोब करू. (गणिताचं वावडं असलेल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, पण मजा यातच आहे.) समजा एका हेलिकॉप्टरचे 100 निर्देशांक आहेत आणि प्रत्येक एका उड्डाणात 5 वेळा मोजला जातो. झाले 500 आकडे. घंटेच्या आकाराच्या आदर्श आलेखात तीन सिग्माच्या वर हजारात 1.35 आकडे नुसते योगायोगाने जातात. म्हणजे एका उड्डाणात 0.675 खोटे पिवळे ठिपके, तीन उड्डाणांत दोन. तळावरून दिवसाला सहा उड्डाणं होत असली तर रोज चार. बिघाड एकही नाही, आणि चार ठिकाणी झाकण उघडून बघा म्हणून कंप्युटर सांगणार! आणि थरथरीचे खरे आकडे काही त्या आदर्श घंटेसारखे वागत नाहीत. त्यांची वरची शेपटी लांब असते. म्हणजे चारपेक्षा जास्तच.

यावर उपाय आहेत. एकाच आकड्यावर ओरडायचं नाही, पाचांपैकी तीन आकडे रेषेवर गेले तरच ठिपका द्यायचा. किंवा सगळ्या ताफ्याची एक रेषा ठेवण्याऐवजी प्रत्येक हेलिकॉप्टरची त्याच्या स्वतःच्या सवयीवरून वेगळी रेषा ठरवायची. दोन्ही चांगले, आणि दोन्हींत खोच आहे. पाचांपैकी तीनचा नियम योगायोगाला आवरतो, पण सेन्सरचा कनेक्टर ढिला असेल तर तो पाचांपैकी पाचही वेळा खोटं बोलतो. आणि यंत्राच्या सवयीवरून रेषा शिकायची म्हटली, तर नवी बसवलेली बेअरिंग पहिल्या दिवसापासूनच सदोष असली तर? कंप्युटर तो दोषच 'नेहमीचं' म्हणून शिकून बसतो. रोज तापात असणाऱ्या मुलाचं 'नॉर्मल' काढल्यासारखं.

तर आता माझी गोष्ट.

2011 चा पावसाळा. आमच्या एका हेलिकॉप्टरच्या शेपटीकडे जाणाऱ्या लांब शाफ्टला मध्ये मध्ये आधार देणाऱ्या बेअरिंग असतात, त्यातल्या एकीवर पिवळा ठिपका आला. झाकण काढलं, शाफ्ट हाताने फिरवून पाहिला, सगळं गुळगुळीत. चार दिवसांनी पुन्हा पिवळा. या वेळी सेन्सरचा कनेक्टर थोडा सैल मिळाला. घट्ट केला. आठवड्याने पुन्हा. आता तर काहीच सापडेना.

प्रत्येक वेळी हेलिकॉप्टर थांबायचं. पावसाळ्यात आधीच उडण्याजोगा वेळ कमी. 14 दिवस रिगवर काढून घरी यायला टेकलेली माणसं तिकडे ताटकळलेली, इकडे बॅगा घेऊन आलेली माणसं लाइफ जॅकेट घालून बाकावर बसलेली. तळाचे मॅनेजर सज्जन होते, ओरडायचे नाहीत. पण तिसऱ्या वेळी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "मॅडम, तुमच्या दिव्याचं काय ते एकदा ठरवा." हँगरमध्ये तोवर त्याचं नावच 'मॅडमचा दिवा' पडलं होतं. पोरं हसायची. मीही हसायचे.

आणि मी ठरवलं. त्या निर्देशांकाची रेषा आमच्या अखत्यारीत होती. मी ती साधारण दीडपट वर नेली. नोंदीत लिहिलं, 'सेन्सरमुळे वारंवार खोटी सूचना. मर्यादा तात्पुरती वाढवली आहे. लक्ष ठेवावे.' खाली सही. वरच्यांचीही सही झाली. सगळं रीतसर. वायर काढणाऱ्या वॉचमनपेक्षा कितीतरी रीतसर.

'तात्पुरती' म्हणजे कधीपर्यंत ते लिहिलं नाही. 'लक्ष ठेवावे', पण कोणी, तेही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ठिपका हिरवा झाला आणि हिरव्या ठिपक्याकडे कोण बघतं?

अकरा महिने गेले. मग ठरलेल्या मोठ्या तपासणीत आमच्याकडच्या एका जुन्या टेक्निशियननी, सगळे त्यांना काकाच म्हणायचे, मला खाली बोलावलं. "मॅडम, जरा हात लावून बघा." मी शाफ्टवर हात ठेवला, त्यांनी फिरवला. खरखर. अगदी बारीक, वाळूचे दोन-चार कण अडकावेत तशी. बेअरिंगमधलं ग्रीस काळं पडलं होतं.

बेअरिंग बदलली. दोन तासांचं काम. मी वर येऊन अकरा महिन्यांचे आकडे एका आलेखावर काढले. पहिले तीन पिवळे ठिपके खरंच खोटे होते. उंच सुळका आणि लगेच खाली, ढिल्या कनेक्टरची ओळखीची सही. त्यानंतर सहा महिने शांत. मग सातव्या महिन्यापासून एक हळूहळू चढत जाणारी रेघ. नवव्या महिन्यात ती माझ्या जुन्या मर्यादेच्या वर गेली आणि मग खाली आलीच नाही. नव्या मर्यादेपर्यंत मात्र पोचली नाही. माझ्या दोन रेषांच्या मधल्या जागेत ती दोन महिने आरामात राहत होती.

कोणाला काही झालं नाही. ती बेअरिंग आणखी कितीतरी तास चालली असती, कदाचित. अर्ध्या पानाचा अहवाल झाला, मर्यादा पूर्ववत झाली, कोणी मला काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

आमचे भाऊजी तेव्हा रिगवर होते. 14 दिवस तिकडे, 14 दिवस घरी. त्या दोन महिन्यांत ते त्या हेलिकॉप्टरने किती वेळा गेले-आले हे मी कधी शोधलं नाही. शोधता आलं असतं. ताई, तू हे वाचतेस हे मला माहीत आहे. तुला हे आजवर सांगितलं नाही, ते आता सांगतेय. तू दर खेपेला फोन करून विचारायचीस, "नीट आहे ना गं सगळं?" आणि मी म्हणायचे, "सगळं हिरवं आहे." खोटं नव्हतं बोलत. हिरवंच होतं.

त्यानंतर मी या विषयावरचे अपघात-अहवाल झपाटल्यासारखे वाचले. चार घटना मनातून जात नाहीत.

पहिली 1 एप्रिल 2009 ची. स्कॉटलंडच्या पीटरहेडजवळ सुपर प्यूमा हेलिकॉप्टर पडलं, 16 जण गेले. मुख्य गिअरबॉक्समधला एक छोटा प्लॅनेट गिअर फुटला होता. हम्सने काहीही सांगितलं नव्हतं. पण अपघाताच्या आठवडाभर आधी, 25 मार्चला, तेलातले लोखंडी कण पकडणाऱ्या चुंबकावर एक कण सापडला होता. त्यावर चर्चा झाली, बनवणाऱ्या कंपनीशी बोलणं झालं, आणि त्या बोलण्यात गैरसमज होऊन पुस्तकात लिहिलेली पुढची तपासणी व्हायची तशी झाली नाही.

दुसरी 2012 ची, खरं तर दोन घटनांची जोडी, 10 मे आणि 22 ऑक्टोबर. दोन्ही ईसी 225 जातीची हेलिकॉप्टर, दोन्हींत गिअरबॉक्समधला तेलाचे पंप फिरवणारा उभा शाफ्ट तडकला, दोन्ही समुद्रावर उतरवावी लागली. सुदैवाने सगळे वाचले. त्या दोन्हींच्या हम्समध्ये आधीच्या उड्डाणांत आकडे चढताना दिसत होते. त्यानंतर आकडे किती तासांनी उतरवून बघायचे ते अंतर कमी करण्यात आलं.

तिसरी नॉर्वेची, 29 एप्रिल 2016. तूरॉय बेटाजवळ पुन्हा ईसी 225, पुन्हा प्लॅनेट गिअर, 13 मृत्यू. या वेळी हम्स गप्प आणि चुंबकही गप्प. तडा गिअरच्या पृष्ठभागाखाली वाढत गेला आणि त्यातून कण फारसे सुटलेच नाहीत. शिवाय प्लॅनेट गिअर स्वतःभोवती फिरतात आणि मधल्या गिअरभोवतीही फिरतात, तर सेन्सर बाहेर कवचावर. त्यांची कुजबुज तिथवर पोचता पोचता विरून जाते. तिथे कुठलीही रेषा कितीही खाली ओढली तरी उपयोग नव्हता.

चौथी त्याच वर्षीच्या 28 डिसेंबरची. उत्तर समुद्रातल्या वेस्ट फ्रँकलिन प्लॅटफॉर्मवर एक एस-92 हेलिकॉप्टर उतरता उतरता गरकन फिरलं. शेपटीच्या पंख्याच्या यंत्रणेतली बेअरिंग गेली होती. कोणी जखमी झालं नाही. पण आदल्या संध्याकाळी उतरवलेल्या आकड्यांत त्याच बेअरिंगने मर्यादा ओलांडलेली होती! रेषा बरोबर होती, यंत्राने सांगितलंही होतं. माणसाच्या नजरेतून निसटलं आणि सकाळी हेलिकॉप्टर उडालं.

हा चौथा अहवाल वाचताना माझ्या मनात पहिल्यांदा 'कसं काय दिसलं नाही?' असं आलं नाही. मला तो पडदा दिसत होता, त्यावरचे ठिपके दिसत होते, आणि त्या खोलीत त्याआधी किती खोटे ठिपके येऊन गेले असतील हा प्रश्न पडला होता.

माझं मत आता सांगते. मर्यादा हा यंत्राचा गुण नाही, तो माणसांनी घेतलेला निर्णय आहे. किती खोट्या हाका सहन करायच्या आणि किती खऱ्या हाका चुकू द्यायच्या, याचा तो सौदा असतो. एकदा हे मान्य केलं की निर्णयाला जे लागतं ते सगळं मर्यादेलाही लागतं. ती कोणी ठरवली त्याचं नाव, का ठरवली त्याचं कारण, आणि मुख्य म्हणजे ती पुन्हा कधी तपासायची त्याची तारीख. तारीख उलटली की मर्यादा आपोआप जुन्या जागी परत जावी. ज्याला वरची हवी असेल त्याने पुन्हा येऊन कारण द्यावं. माझ्या नोंदीत तीस दिवसांची तारीख असती तर बाकी काही बदलावं लागलं नसतं.

दुसरं, खोट्या सूचनेचं औषध सूचना जिथून आली तिथे करावं. माझ्या बाबतीत तो कनेक्टर होता. तो नुसता घट्ट केला, केबलसकट बदलला नाही, कारण नवी केबल यायला तीन आठवडे लागणार होते आणि मर्यादा बदलायला पाच मिनिटं. खोट्या सूचना किती आल्या आणि प्रत्येकीचं कारण काय निघालं याची वही ठेवावी. 'कारण सापडलं नाही' असं लिहिलेली ओळ बंद समजू नये.

तिसरं, रेषेपेक्षा चढ बघावा. कालपर्यंत तीन असणारं आज पाच झालं तर मर्यादा आठ आहे म्हणून निवांत राहण्यात अर्थ नाही.

यावर दोन आक्षेप मला माहीत आहेत. एक आमच्या मॅनेजरांचा, आणि तो खरा आहे. मर्यादा खाली ठेवणं म्हणजे फुकटची सुरक्षितता नव्हे. प्रत्येक उघडझाप करताना बोल्ट सैल राहू शकतो, हत्यार आत विसरू शकतं. आणि दहा वेळा लांडगा आला म्हटल्यावर अकराव्यांदा कोणी उठत नाही. मान्य. म्हणूनच मी 'मर्यादा कमी करा' म्हणत नाहीये. ती वर न्यायचीच असेल तर न्या, पण कर्ज काढल्यासारखी न्या. फेडायची तारीख घालून.

दुसरा आक्षेप माझ्या भाच्याचा. तो म्हणतो, "मावशी, हे सगळं आता एआय करेल." करतंयच की! ब्रिटनच्या सीएएने सुपर प्यूमांच्या हम्सच्या साठलेल्या आकड्यांवर यंत्राला शिकवण्याचं संशोधन करवून घेतलं, त्याचा अहवाल 2011 सालीच आलाय. अनेक निर्देशांक एकत्र बघून 'हे यंत्र आज वेगळं वागतंय' असं ते ओळखतं, आणि एकेका रेषेपेक्षा ते नक्कीच बरं. पण किती वेगळं म्हणजे वेगळं, ती रेषा शेवटी कोणीतरी ओढतंच. आणि पावसाळ्यात, तिसऱ्या खोट्या सूचनेनंतर, कोणीतरी टेबलापाशी येऊन "एकदा ठरवा" म्हणतंच.

असो. खूप लांबलं.

मीटिंगनंतर मी वॉचमनला घेऊन गच्चीवर गेले. टाकीतला फ्लोट क्षारांनी जाम झाला होता, अर्ध्यावरच अडकायचा, म्हणून भोंगा वेळी-अवेळी वाजायचा. दोन वर्षांत टाकीत डोकावून कोणी पाहिलंच नव्हतं, आम्ही सगळे फक्त खिडकीतून ओरडत होतो. फ्लोट बदलला, वायर जोडली. सेक्रेटरींना लेखी कळवलंय की चूक एकट्या वॉचमनची नाही आणि त्याच्या पगारातून काही कापू नये. उत्तर अजून आलेलं नाही.

ताई, वाचून झालं की फोन कर. भाऊजींना मी स्वतः सांगेन.